बिनपगारी गवयाचा वसंत

रमजान आणि मार्च महिना एकत्र आले की हाटकेश परिसरातल्या गाणे-वाजवणे शिकवणाऱ्यांची धांदल उडते. मिरा-भाईंदरच्या या भागात कुठल्याही मोठ्या सोसायटीत तबला, हार्मोनियम, गिटार किंवा गाणे शिकणारी मुले असतात. त्यांना शिकवणारे बहुतेक जण कुणाच्या नोकरीत नसतात. सकाळी एका इमारतीत, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी स्टेशनजवळ अशी त्यांची फेरी चालते. होळीचे कार्यक्रम, पाडव्याची पहाट, रामनवमी, लग्नसराई, ईदची मेजवानी आणि एप्रिल-मेमधल्या संगीताच्या परीक्षा हे सगळे याच दोन-तीन महिन्यांत येते. शिक्षक मुसलमान असेल तर त्यात रोजाही असतो. मगरिबच्या अजानाआधी शेवटची शिकवणी उरकायची, इफ्तार करायची, तरावीहची नमाज पढून आल्यावर उद्याच्या कार्यक्रमाची तालीम करायची. पाऊस लागला की यातले बरेच काम आटते. म्हणून वसंतात जे मिळेल ते घ्यायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी ठेवायचे, असा या धंद्याचा हिशेब आहे.

परीक्षेनंतर यातल्या अनेक मुलांच्या हाती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे प्रमाणपत्र पडते. या मंडळाचे मूळ कार्यालय मिरजेला आहे. त्याच मिरजेत शंभर वर्षांपूर्वी एक गवई राहत होते. दरबाराचा पगार सोडून दिलेले, स्वतःच्या गळ्यावर घर आणि शाळा दोन्ही चालवणारे. त्यांचे नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ. योगायोग असा की 1925, 1926 आणि 1927 या तिन्ही वर्षी रमजान मार्चमध्येच सुरू झाला होता. आजच्या शिक्षकाला जो वसंत आणि जो रमजान एकदम गाठतो, तो खाँसाहेबांनाही गाठत होता.

किराण्याहून बडोद्याला

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 चा. गाव कैराना, म्हणजेच गवयांच्या बोलण्यातले किराणा. उत्तर प्रदेशात यमुनेच्या काठापासून जवळ असलेले हे गाव पूर्वी मुझफ्फरनगर जिल्ह्यात होते, आता शामली जिल्ह्यात आहे. वडील काले खाँ. घराणे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे होते आणि सारंगी घरात पिढीजात होती. अब्दुल करीम लहानपणी सारंगी आणि बीनही शिकले, पण पुढे गळाच त्यांचे मुख्य वाद्य ठरला. सारंगीचे संस्कार मात्र गळ्यातून गेले नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मध्ये कुठेही धागा तुटू न देणारी त्यांची मींड ऐकली की सारंगीचा गज आठवतो.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते पोट भरण्यासाठी बाहेर पडले. त्या काळी गवयाला आसरा म्हणजे संस्थानिकाचा दरबार. फिरत फिरत ते बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात त्यांना चाकरी मिळाली. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला जागा, सणावाराला बिदागी. गरीब घरातून आलेल्या तरुणाला आयुष्यभर पुरेल अशी ही सोय होती.

ही सोय त्यांनी फार वर्षे उपभोगली नाही. बडोद्यातल्या माने या सरदार घराण्यातील ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांचे मन जुळले. तो विवाह बडोद्यात मान्य होण्यासारखा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे दक्षिण महाराष्ट्राची वाट धरली. एका रात्रीत पगार गेला, जागा गेली, दरबारी गवई हे बिरुदही गेले. यापुढे जे मिळवायचे ते गाऊनच, आणि ज्या दिवशी गाणे नाही त्या दिवशी मिळकत नाही. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे खाँसाहेब असेच जगले.

मिरजेचा मुक्काम

1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती दख्खनच्या गावागावांत पोहोचली. मिरजेत असताना खाँसाहेबांनाही प्लेगने गाठले. त्या काळात या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. घरे ओस पडत होती, लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहत होते. मिरजेत अशी हकीकत सांगतात की आजारी अवस्थेत खाँसाहेब हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले आणि तिथे त्यांनी गाऊन दुआ मागितली. ते बरे झाले. आपण वाचलो ते या चौकटीपाशी, ही त्यांची भावना कायम राहिली. त्यानंतर मिरज हेच त्यांचे गाव झाले आणि दर्ग्याच्या उरसात गाऊन हजेरी लावणे हा त्यांचा नेम झाला.

दर्ग्याच्या आवारात चिंचेचे झाड आहे. त्या झाडाखाली बसून खाँसाहेब गात. तिथे तिकीट नसे, बिदागी नसे. समोर शेतकरी, हमाल, विणकर, दुकानदार, शहरातले ब्राह्मण वकील आणि दर्ग्याचे खादिम एकाच जमिनीवर बसलेले. या उरसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, ही मिरजेची जुनी रीत आहे. गलेफ म्हणजे मजारीवर पांघरायची चादर. ज्या दर्ग्यात पहिला मान चामड्याचे काम करणाऱ्या हातांना आहे, तिथे सारंगीवाल्यांच्या घरातल्या गवयाला परके वाटण्याचे कारण नव्हते.

मिरज निवडण्यामागे व्यवहारही होता. मिरज रेल्वेचे जंक्शन. इथून पुण्याला जाता येते, कोल्हापूरला जाता येते, बेळगाव-हुबळीमार्गे खाली कर्नाटकात उतरता येते. फिरतीवर पोट असलेल्या माणसाला असे गाव सोयीचे.

गवयाचे वर्ष

दरबारी गवयाचे वर्ष दरबाराच्या रोजनिशीप्रमाणे चाले. बिनपगारी गवयाला आपले वर्ष आपणच बांधावे लागे. दसऱ्याला म्हैसूरचा दरबार देशभरच्या कलावंतांना बोलावी. खाँसाहेब अनेकदा म्हैसूरला गेले. तिथे त्यांचा मोठा मान होता आणि त्या दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. पण ते तिथले नोकर नव्हते. गाऊन, मान घेऊन ते परत निघत. जाता-येता धारवाड, हुबळी, कुंदगोळ इथे मुक्काम पडे. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांच्यासाठी बैठकीची जागा ठरलेली होती.

थंडी सरली की वसंतातली धावपळ सुरू होई. दक्षिण महाराष्ट्रातल्या जत्रा आणि उरूस, वाड्यांवरची लग्ने आणि मुंजी, होळीपासून रामनवमीपर्यंतचे उत्सव, शहरांतले तिकिटाचे जलसे. तिकीट लावून गाणे ही त्या काळात नवी गोष्ट होती. गाणे ऐकायचे तर राजाच्या दिवाणखान्यात, नाहीतर धनिकाच्या माडीवर, अशी रूढी होती. खाँसाहेब नाट्यगृहात आणि सभागृहात गाऊ लागले. तिथे चार आणे देऊन कारकूनही बसू शके आणि रुपये मोजून सावकारही. गवयाची मिळकत आता एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही. पण हॉल भरला नाही तर नुकसान गवयाचेच, हा त्यातला दुसरा भाग होता.

गाण्यातल्या वसंतालाही त्यांच्याकडे जागा होती. वसंत आणि बहार हे राग एरवी ठरलेल्या प्रहरी गातात, पण ऋतू आला की त्यांना वेळेचे बंधन राहत नाही. खाँसाहेबांचा वसंत आजही ऐकता येतो. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत, साठी उलटल्यावर, त्यांनी ज्या ध्वनिमुद्रिका दिल्या त्यांत वसंत राग आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीच्या एका बाजूत मावेल एवढाच. आवाज बारीक, उंच, थोडा कापरा, पण सुरावर तंतोतंत. त्या ध्वनिमुद्रिकांत शुद्ध कल्याण आहे, ललत आहे, जोगिया आहे, झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या आहेत. मराठी माणसाला विशेष वाटावे असे म्हणजे, मानापमान नाटकातले पदही या उत्तर प्रदेशी उस्तादांनी गायले आहे. आणि दक्षिणेतल्या त्यागराजांची तेलुगू कृतीही.

पाऊस पडू लागला की प्रवास थांबत, जलसे कमी होत. मग हातात राही शिकवणे.

फी न घेणारी शाळा

1910 मध्ये बेळगावला खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय सुरू केले. 1913 मध्ये ते पुण्यात आले आणि पुढे मुंबईतही त्याची शाखा निघाली. त्या आधीच पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याच्या शाळेची नवी कल्पना रुजवली होती. पंडित भातखंडे रागांचे शास्त्र लिहून काढण्यात गुंतले होते. गाणे शाळेत शिकवता येते, भल्या घरातल्या मुलांनी ते शिकावे, असे म्हणण्याचे ते दिवस होते.

खाँसाहेबांच्या विद्यालयात दोन पद्धतींची सांगड होती. नाव शाळेचे, राहणी उस्तादाच्या घरातली. विद्यार्थी तिथेच राहत, तिथेच जेवत. बहुतेक मुले गरीब घरची असत. त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, उलट त्यांचे खाणे, कपडे, औषधपाणी गुरूने पाहायचे. बदल्यात विद्यार्थ्याने ठरलेली वर्षे टिकून राहायचे, मध्येच पळून जायचे नाही. शिकणे पहाटे सुरू होई. पहिले कित्येक महिने फक्त स्वर लावायचे. एक षड्ज नीट लागेपर्यंत पुढे जायचे नाही. कंटाळून पळणारेही असत. टिकले त्यांचे गाणे झाले.

कुंदगोळचे रामभाऊ त्यांतले एक. आवाज फुटण्याच्या वयात गळा बिघडलेला असूनही त्यांनी गुरूपाशी वर्षानुवर्षे मेहनत केली आणि पुढे सवाई गंधर्व या नावाने ते महाराष्ट्राचे लाडके गायक झाले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, दशरथबुवा मुळे, बेहरेबुवा असे कितीतरी शिष्य या घरात वाढले. कपिलेश्वरीबुवांनी पुढे गुरूचे मोठे चरित्र लिहिले. अखेरच्या वर्षांत रोशनआरा बेगम शिष्या झाल्या. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि किराण्याचे गाणे तिकडेही पोहोचले. हिंदू, मुसलमान, कानडी, मराठी मुले एका पंगतीत बसत.

पण हे सारे चालवायला पैसा लागे आणि पैसा येण्याचा रस्ता एकच, खाँसाहेबांचे गाणे. प्रत्येक जलशाच्या तिकिटामागे इतक्या-इतक्या मुलांचा शिधा उभा असे. वसंतात बोलावणी आली की ती नाकारणे शक्य नसे. शिष्य बरोबर असत, तेही जलशात गात, तंबोरे धरत, तिकिटे विकत. हंगाम चांगला गेला तर पावसाळा सुखात जाई. गेला नाही तर उधारी. मोठ्या गायकाच्या घरीही वाण्याचे खाते लांबत असे, हे आज नवल वाटेल, पण बिनपगारी कलावंताला ते नवल नव्हते.

हत्यारांची पेटी आणि टिपू

इतक्या धावपळीत खाँसाहेबांना छंदही होते. त्यांतला मोठा छंद वाद्ये दुरुस्त करण्याचा. प्रवासात त्यांच्याबरोबर हत्यारांची पेटी असे. कुणाच्या घरी उतरले आणि तिथे कोपऱ्यात तारा तुटलेला तंबोरा दिसला की तो समोर घेऊन बसत. खुंटी घट्ट करायची, घोडीवर कानस फिरवून जवारी काढायची, तारेखाली रेशमाचा दोरा सरकवून आवाज खुलवायचा. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग असा घासणे की तार छेडल्यावर तिच्यातून गुंजणारे नादवलय उठेल. केसभर जास्त घासले तर घोडी वाया जाते. याला हात स्थिर लागतो आणि कान त्याहून स्थिर. खाँसाहेब तासन्‌तास यात रमत.

यासाठी मिरजेसारखे दुसरे गाव नव्हते. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्या आरंभाशी जोडलेले आहे. राज्ये गेली, शस्त्रांचे काम बंद पडले आणि तेच हात पंढरपूरकडच्या मोठ्या भोपळ्यांना आकार देऊ लागले. खाँसाहेब या कारागिरांच्या गल्लीत जात, बसत, सूचना करत. कारागिराला असा गवई मिळणे आणि गवयाला असे कारागीर मिळणे, दोन्ही भाग्याचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशा कित्येक दुपारी आहेत.

स्वर मोजण्याच्या उद्योगातही ते असेच ओढले गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ बावीस श्रुतींचा शोध घेत होते. सप्तकात बारा स्वर आहेत हे सर्वांना ठाऊक, पण रागाप्रमाणे तोच गंधार किंवा धैवत किंचित वर-खाली होतो. तो किती होतो, हे देवलांना तारेची लांबी मोजून ठरवायचे होते. त्यासाठी पुन्हा पुन्हा तोच सूक्ष्म स्वर अचूक लावणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांचा होता. खाँसाहेब गात आणि देवल मोजत. 1910 मध्ये देवलांचे पुस्तक निघाले. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि या श्रुती वाजवणारी खास हार्मोनियमही तयार झाली. विद्वानांत यावर पुष्कळ वाद झाले. खाँसाहेबांना त्या वादापेक्षा सूर महत्त्वाचा होता.

तिसरा छंद ऐकण्याचा. नामांकित उस्ताद दुसऱ्याचे गाणे ऐकायला जात नाहीत, अशी त्या काळची ऐट होती. खाँसाहेब दक्षिणेत गेले की कर्नाटक संगीत मन लावून ऐकत. धारवाडला अंबाबाई नावाच्या गायिकेचे गाणे ऐकायला ते त्यांच्या घरी जात. त्या घरातली लहान मुलगी हे पाहत असे. तीच पुढे गंगूबाई हनगल. खाँसाहेबांच्या गाण्यात सरगम आली, ती दक्षिणेकडून आली असे जाणकार सांगतात. उत्तरेतल्या पुष्कळ गवयांनी त्याला नाके मुरडली. आज मात्र ख्यालात सरगम नसेल तर श्रोत्याला चुकल्यासारखे वाटते.

आणि टिपू. टिपू हा खाँसाहेबांचा कुत्रा. त्याला त्यांनी सुरात आवाज काढायला शिकवले होते, आणि एका जलशात त्याने हजेरी लावून लोकांना थक्क केले, ही गोष्ट गाणाऱ्यांच्या घरांत आजही हसत सांगतात. काहींना तेव्हा हा गाण्याचा अपमान वाटला. पण जनावरालाही सूर कळतो, मग माणसाच्या मुलाला का कळणार नाही, एवढी साधी श्रद्धा त्यामागे असावी. ज्याने बिघडलेल्या आवाजाच्या मुलांनाही दारातून परत पाठवले नाही, त्या शिक्षकाला ही श्रद्धा शोभते.

घराची किंमत

या आयुष्याचा एक भाग मात्र सुखाचा नाही. ताराबाई आणि खाँसाहेब यांना पाच मुले झाली. घरात त्यांची नावे अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, सकीना अशी होती आणि लाडाची, मराठी नावेही होती. मुले मिरजेत, पुण्यात, विद्यालयाच्या गोंगाटात वाढली. घर आणि शाळा यांत भिंत नव्हती. वडील कायम फिरतीवर, घरी आले की शिष्यांत. मिळकत शिष्यांच्या पंगतीत जाई. घर चालवण्याचा भार ताराबाईंवर पडे.

1920 च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, गुलाब कमलाबाई बडोदेकर, सकीना सरस्वतीबाई राणे. धाकटे भाऊ कृष्णरावही आईकडेच गेले. त्या काळच्या पुण्यात उभे राहायचे तर आईचे नाव आणि आईचे गाव सोयीचे होते. दोष कुणाला द्यायचा हे सांगणे आज कठीण आहे. ज्या माणसाने शेकडो परक्या मुलांना जेवू घातले, त्याची स्वतःची मुले दुसऱ्या नावाने वाढली, एवढे मात्र खरे.

विद्यालयालाही या धक्क्यातून सावरता आले नाही. खाँसाहेब मिरजेला परतले. पुढे त्यांच्या शिष्या बानूबाई लाटकर त्यांच्या सोबतीला राहिल्या. 1920 च्या दशकातले ते वसंत, ज्यांत रमजान मार्चमध्ये येत होता, खाँसाहेबांनी या फुटीनंतरचे काढले. पुन्हा फिरती, पुन्हा जलसे, पुन्हा नवे शिष्य.

गाणे मात्र नाव बदलून थांबले नाही. सुरेशबाबूंनी पुढे मोठे शिष्य घडवले. हिराबाईंनी घरंदाज बाईने तिकिटाच्या जलशात उजळ माथ्याने गावे, हा रस्ता मोकळा केला आणि 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या तिकिटाच्या जलशाने वडिलांना दरबारापासून सोडवले, त्याच जलशाने मुलीलाही मान मिळवून दिला. वडिलांचा सूर तिच्या गळ्यात होता हे ऐकणाऱ्या कुणालाही सांगावे लागले नाही.

इबादत आणि सूर

रमजानमध्ये खाँसाहेबांची आठवण काढताना एक प्रश्न अनेकांच्या मनात येतो. संगीताबद्दल मुस्लिम विद्वानांची मते एकसारखी नाहीत. काहींनी ते वर्ज्य मानले, काहींनी हेतू पाहून परवानगी दिली. चिश्ती सूफींनी समाअ, म्हणजे अल्लाहच्या स्मरणात ऐकलेले गाणे, आपल्या मार्गाचा भाग केला. रमजानमध्ये काही कलावंत वाद्य बाजूला ठेवून कुरआनपठणात महिना घालवतात, काही जण रोजीचा प्रश्न असल्याने काम चालू ठेवतात. हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा विषय राहिला आहे.

खाँसाहेब नमाजी होते. त्याच वेळी दर्ग्यात गाणे ही त्यांची सेवा होती आणि हरीचे नाव असलेली चीज गाताना त्यांना अडखळायला होत नसे. पीराच्या नावाची बंदिशही ते गात आणि त्यागराजांच्या रामाची कृतीही. नागपूरच्या ताजुद्दीनबाबांवर त्यांची श्रद्धा होती. यात त्यांनी कधी मोठा सिद्धांत मांडला नाही. सच्चा सूर लागला की मन आपोआप झुकते, असा त्यांचा अनुभव असावा, कारण गाताना त्यांचे डोळे मिटलेले असत आणि ऐकणारे गप्प होत.

रमजान रोजीचाही विचार करायला लावतो. कष्टाची, हलाल कमाई आणि त्यातला दुसऱ्याचा वाटा, या दोन गोष्टींवर या महिन्यात जोर असतो. खाँसाहेबांनी साठवले काहीच नाही. जे आले ते तंबोऱ्यांत, प्रवासात आणि मुलांच्या ताटांत गेले.

शेवटचा प्रवास

ऑक्टोबर 1937. खाँसाहेब मद्रासला गाऊन पाँडिचेरीला निघाले होते. तिथे श्री अरविंदांच्या आश्रमात गाण्याचे बोलावणे होते. पासष्टी पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी आणि रमजान सुरू व्हायला साधारण आठ-दहा दिवस. रात्रीच्या गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनावर शिष्यांनी त्यांना उतरवले. फलाटावर अंथरूण घातले. खाँसाहेबांनी नमाज अदा केली. मग तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात कलमा गाऊ लागले. गाता गाताच ते आडवे झाले. तारीख 27 ऑक्टोबर.

ज्या गवयाने दरबार सोडला त्याचा शेवट दरबारी रागात, एका अनोळखी फलाटावर, कामावर जातानाच झाला. त्यांचे पार्थिव मिरजेला आणले गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले.

त्यानंतरची गोष्ट आपल्याला माहीत आहे. गदगच्या एका मुलाने खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले, असे सांगतात. तो शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात पोहोचला. ते भीमसेन जोशी. गुरूच्या नावाने पुण्यात 1953 पासून जो महोत्सव भरतो, त्याचे मूळ मिरजेतल्या त्या फी न घेणाऱ्या गुरूपर्यंत जाते. मिरजेत दर उरसाला चिंचेच्या झाडाखाली आजही गवई येऊन हजेरी लावतात. तिथे गाण्याचे पैसे नसतात, तरी कुणी नाही म्हणत नाही.

हाटकेशमध्ये मार्चच्या एखाद्या संध्याकाळी कुणी शिक्षक शेवटची शिकवणी संपवून घाईने जिना उतरतो. खांद्यावर तबल्याची पिशवी असते, हातात इफ्तारसाठी घेतलेले खजूर. महिनाअखेरीला फी किती जणांची आली, किती जणांची राहिली, हा हिशेब डोक्यात चालू असतो. एखाद्या मुलाच्या घरी अडचण असते, त्याला फी मागायची नाही हे त्याने मनाशी ठरवलेले असते. अजान होते आणि तो पावले जोरात टाकतो. खाँसाहेबांनी चाळीस वंर्षे हेच केले होते. त्यांच्यासाठी आणि त्याच्यासाठी, या महिन्यात इफ्तारच्या वेळी हात उचलणाऱ्यांनी एक दुआ जरूर मागावी.